वाचक विचारतात : दुसऱ्या मजल्यावरचा ड्रमसेट

प्रश्न : मी फोंड्याला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या वाद्यवृंदात ड्रम वाजवतो. घरी सराव करता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घ्यावा असा विचार आहे. दुकानदार म्हणतो की चारशे आवाजांचा सेट घ्या, शेजाऱ्यांना काहीही ऐकू येणार नाही. यात कितपत तथ्य आहे? पुढे त्यावरच रेकॉर्डिंगही करायचे आहे.

उत्तर : शेजाऱ्यांना, म्हणजे भिंतीपलीकडच्यांना, फारसे ऐकू येणार नाही हे खरे आहे. अशा सेटच्या पॅडवर (ठोका टिपणाऱ्या गोल चकतीवर) ताणलेल्या जाळीच्या पडद्यावर काठी पडल्याचा टपटप आवाज बंद दारापलीकडे सहसा जात नाही. रबरी पॅडचा आवाज त्याहून कडक असतो आणि मनगटाला हादराही अधिक बसतो, म्हणून परवडत असेल तर जाळीचाच सेट घ्यावा. मात्र खालच्या मजल्यावरच्यांचे काय, हे दुकानदाराने आपल्याला सांगितलेले दिसत नाही. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलचा ठोका स्टँडमधून लादीत आणि लादीतून स्लॅबमध्ये उतरतो, आणि वाजवणाऱ्याच्या कानांवर हेडफोन असल्यामुळे त्याला त्याचा पत्ताही नसतो. मी पहिला सेट घेतला तेव्हा आठवडाभरातच खालच्या काकू वर आल्या. भांडल्या नाहीत; मला खाली घेऊन गेल्या आणि आपले फडताळ दाखवले. वर माझा भाऊ किक वाजवत होता आणि प्रत्येक ठोक्याला काचेचे दोन पेले एकमेकांना किणकिणत होते.

यावर ड्रमवादकांमध्ये रुळलेला उपाय असा की प्लायवूडचे दोन जाड तक्ते घ्यायचे, त्यांत चेंडू थोडासाच रुतेल एवढी भोके पाडायची, मध्ये टेनिसचे चेंडू ठेवायचे आणि अख्खा सेट त्या चौथऱ्यावर मांडायचा. कोणताही सुतार हे काम करून देईल. चौथरा भिंतीला कोठेही टेकता कामा नये, नाहीतर कंपने तेथून वाट काढतात. नुसत्या गालिच्याने लादीवर चरे पडत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. चौथरा झाल्यावर एकदा खाली जाऊन स्वतः ऐकावे आणि रात्री दहानंतर किक वाजवू नये. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण पेले किणकिणायला तेवढेही लागत नाही.

चारशे आवाजांपैकी आपण दहा वापराल. सेट निवडताना पैसा पायांखालच्या पेडलांवर आणि स्नेअरवर (समोरच्या, खणखणीत ठोक्याच्या ड्रमवर) घालावा, आवाजांच्या यादीवर नव्हे. दुकानात जाताना आपल्या काठ्या घेऊन जाव्यात आणि स्नेअरवर अगदी हलक्या ठोक्यापासून जोरकस ठोक्यापर्यंत हळूहळू चढत जावे. आवाज पायऱ्यापायऱ्यांनी उडी मारत असेल किंवा हलके ठोके गिळले जात असतील, तर मॉड्यूलमधली (पॅडवरच्या ठोक्याचा आवाज तयार करणाऱ्या पेटीतली) संवेदनशीलता वाढवून पाहावी, आणि तरीही फरक पडला नाही तर तो सेट सोडून द्यावा. हायहॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) अर्धवट उघडा ठेवून वाजवावा, झांज वाजवून लगेच कडेला धरावी आणि ती गप्प होते का ते पाहावे. काही स्वस्त सेटांत किकच्या जागी हातोडी नसलेले नुसते दाबायचे पेडल असते. ते शांत असते, हे कबूल. पण हातोडी उसळून परत येते तो अंदाज त्यावर पायाला येत नाही. आपल्याला मंडपात खऱ्या ड्रमवर वाजवायचे आहे, म्हणून आपले नेहमीचे पेडल जोडता येईल असाच किक पॅड घ्यावा.

रेकॉर्डिंगसाठी मॉड्यूलला यूएसबीची सोय असावी. त्यातून संगणकाकडे मिडी, म्हणजे वादनाची सांकेतिक नोंद, जाते. मिडीमध्ये आवाज नसतो. कोणत्या पॅडवर, कोणत्या क्षणी आणि १ ते १२७ या मापात किती जोराने ठोका पडला, एवढीच नोंद असते. त्यामुळे आज वाजवलेल्या स्नेअरचा आवाज नंतरही बदलता येतो, आणि चुकलेला एक ठोका सरकवता येतो. (सगळेच ठोके रेषेवर आणून बसवण्याचा मोह मात्र आवरावा, वादन जिवंत राहत नाही.) संगणकातले ड्रम ऐकत वाजवायचे असेल तर बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाच्या नमुन्यांचा साठा) १२८ नमुने किंवा त्याहून कमी ठेवावा. ४४,१०० हर्ट्झला १२८ म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, पण १०२४ म्हणजे २३, आणि एवढ्या उशिराने हात नकळत लयीत मागे रेंगाळू लागतो. त्यापेक्षा सोपे म्हणजे हेडफोन थेट मॉड्यूलला लावावा आणि संगणकाला फक्त नोंद करू द्यावी.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पॅडच्या जॅकवर दमटपणाने गंज चढतो आणि मग एखादा पॅड मध्येच मुका होतो. सेट खिडकीपासून दूर ठेवावा आणि पिना अधूनमधून काढून पुसून पुन्हा लावाव्यात.

प्रश्न : आम्ही पेडण्यातली मुले घुमटआरती रेकॉर्ड करणार आहोत. घुमटाचा (एका तोंडाला चामडे लावलेल्या मडक्यासारख्या वाद्याचा) आवाज पॅडवर भरून वाजवला तर चालेल का?

उत्तर : भरता येईल, पण चालणार नाही. एका हाताने चामड्यावर थाप देताना दुसरा हात मागचे लहान तोंड उघडत-झाकत असतो, आणि घुमटाचे घुमणे त्यातूनच येते. पॅडला तो दुसरा हात नसतो. २०१९ मध्ये गोवा राज्याने ज्याला वारसा वाद्य म्हणून मान दिला, ते वाद्य गावात उपलब्ध असताना त्याची नक्कल कशाला? पॅडवर लय धरण्यासाठी टिकटिक वाजवून ती हेडफोनमध्ये ऐकावी आणि घुमट माइकवरच घ्यावे : एक माइक चामड्यापासून वीतभर अंतरावर, दुसरा मागच्या तोंडाजवळ. दोन्ही एकत्र ऐकताना आवाज पोकळ वाटला, तर एका ट्रॅकची ध्रुवता (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहावी आणि ज्यात खर्ज भरीव येतो ती ठेवावी.