ध्यान केल्याने भांडणात खरंच शांत राहता येतं का, की ती पळवाट आहे? (भावकीत बांधावरून वाद चालू आहे, म्हणून विचारतोय.)

पळवाट म्हणालात म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य आमचे काका मला कितीतरी वर्षं ऐकवतायत. 1986 च्या बेळगावातल्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांच्या पाठीवर वळ उठले होते. मी पहाटे डोळे मिटून बसलो की दारातूनच म्हणणार, "आमी लाठ्या खाल्लाव, तू वारा खाऊलास की!"

आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान. पाटीवर मराठी ठळक, कन्नड बारीक. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम 2024 मध्ये कर्नाटकच्या कायद्यात आला, आणि थोड्याच दिवसांत भरदुपारी पोरांचा घोळका दारात. गळ्यात कन्नड झेंड्याची लाल-पिवळी उपरणी, एकाच्या हातात काळ्या रंगाचा डबा. मी गिऱ्हाइकापुढे साडीचा पदर उलगडत होतो. पहिली शिवी कानावर आली तसे कान तापले, दाढा आवळल्या आणि हात ब्लाऊजपीस मोजायच्या लोखंडी गजावर गेला. गेलेला मला दिसला, हेच महत्त्वाचं.

विपश्यना या ध्यानाच्या शिबिरात शिकवतात ते एवढंच. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. मग तासभर हातपाय न हलवता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. गुडघा ठणकतो, गालावर खाज सुटते, तुम्ही हलत नाही. राग आधी अंगात येतो, डोक्यात नंतर. अंगातच सापडला तर हात थांबवता येतो. मन शांत वगैरे काही झालं नव्हतं, छाती धडधडतच होती. आतून आनंदाचे झरे वाहतात असं सांगणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

गज खाली ठेवला, बाहेर जाऊन म्हणालो, "एनात्री? कुंद्र्री, माताडूण." म्हणजे, काय झालं? बसा, बोलूया. पोरं जरा गोंधळली. डबेवाल्याने तेवढ्यात पाटीवर एक फटकारा मारलाच. मी सांगितलं, कन्नड मोठं करून घेतो, कायदाच आहे. मराठी मात्र निघणार नाही, कितीही फासलात तरी पुसून तिथंच राहील. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गिळला नाही. बराच वेळ हुज्जत चालली, मग पोरं गेली. नव्या पाटीवर कन्नड वर आणि मोठं, खाली मराठी. काका म्हणाले, शेपूट घातलास.

आता काकांना इथंच विचारतो. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात 1 नोव्हेंबरला जो काळा दिन पाळतात, त्याच्या सायकल फेरीत तुम्ही काळी फीत बांधून निघता, ती फेरी मूक का असते? तोंडातून ब्र न काढता चालणं म्हणजे शेपूट घालणं का? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, एवढा दम गज उगारून धरता येतो का? गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकुलतं एक अधिवेशन 1924 ला आपल्या टिळकवाडीत भरलं. पाहुणा आला की तुम्ही छाती फुगवून त्याला त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर दाखवायला नेता आणि घरी येऊन पुतण्याला भेकड म्हणता!

असो. सुरुवात करायची तर सरळ दहा दिवसांच्या शिबिरालाच जा. फी नाही, ज्याने त्याने शेवटी ऐपतीप्रमाणे दान द्यायचं. फोन जमा करून घेतात, बोलायला बंदी, पहाटे चारला घंटा. मोबाईलवरच्या ॲपातले पावसाचे आवाज झोपेला बरे.

एक राहिलं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिबिराला जाऊ नका, फॉर्मवरही खरं लिहा. आणि घरात कुणी अंगावर हात टाकत असेल तर श्वासबिस बघत बसू नका, तिथून बाहेर पडा, पोलिसांत जा. माझ्या दारात आलेली पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जाणारी होती, म्हणून मला हे जमलं.

बांधाचं म्हणाल तर आधी सरकारी मोजणी करून घ्या, त्याला ध्यान पर्याय नाही. मोजणीच्या दिवशी पहाटे तासभर बसून मग शेतावर जा, आणि आमच्या काकांसारखं कुणी बरोबर नेऊ नका.