लेपर्डची कड करवतीसारखी झाली, आता कोणतं प्लास्टिक घ्यावं?

प्रश्न : राम राम. आम्ही चौघं मित्र दर रविवारी परभणीजवळच्या माळावर डिस्क गोल्फ, म्हणजे कमीत कमी फेकीत डिस्क साखळ्यांच्या बास्केटमधी टाकायचा खेळ, खेळायलोत. बास्केट वेल्डिंगवाल्याकडनं पाइप आणि साखळ्या लावून बनवून घेतलीय. एका मित्राच्या भावानं बाहेरदेशातनं इनोव्हा या डिस्क कंपनीचा डीएक्स प्लास्टिकचा सेट आणला होता, त्यात लेपर्ड (लांब फेकायचा ड्रायव्हर), शार्क (मधल्या अंतराची मिडरेंज) आणि एव्हियार (जवळून बास्केटमधी टाकायचा पटर) अशा तीन डिस्क. चार महिन्यात लेपर्डची कड दगडाला लागून लागून करवतीसारखी झाली आणि आधी सरळ जाणारी डिस्क आता उजवीकडं वळून पडायलीय. ऑनलाइन बघितलं तर तीच डिस्क चॅम्पियन आणि स्टार प्लास्टिकमधी मिळते पण जवळजवळ दुप्पट भाव. एवढा पैसा घालावा का, का परत डीएक्सच घ्यावी? – परभणीचा एक वाचक

उत्तर : राम राम भाऊ. तुमचा प्रश्न वाचला आणि पहिलं काम काय केलं तर माझ्या बॅगेतली जुनी डीएक्स लेपर्ड काढून कडेवरनं अंगठा फिरवला. तीन ठिकाणी प्लास्टिकचा बारीक पापुद्रा वर आलाय, नखाला अडकतो, आणि एका जागी तर दगडानं चंद्रकोरीएवढा तुकडाच खाल्लाय. खालच्या बाजूला जिथं बोटं टेकतात तिथं काळी माती अजून चराचरात बसलेली आहे. म्हणजे तुमचं दुखणं मला चांगलं कळतं.

आधी एक गोष्ट मनातनं काढून टाका, तुमचा हात बिघडलेला नाही. डिस्कवर चार आकडे असतात ना, स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड, लेपर्डचे ते ६, ५, उणे २ आणि १ असे आहेत. स्पीड म्हणजे डिस्कला लागणारा वेग, ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहणं. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरनं आडवा नेऊन, फेकणाऱ्याची डिस्क जोरात असताना उजवीकडं किती कलते ते टर्न, आणि वेग संपत आला की डावीकडं किती वळते ते फेड. कड झिजली, खरवडली की टर्न वाढत जातो आणि फेड कमी होत जातो, म्हणून उणे २ ची लेपर्ड उणे ३, उणे ४ सारखी वागायला लागते. फेकून देऊ नका ती. बाभळीच्या डावीकडनं उजवीकडं वळसा घालून डिस्क न्यायची असेल किंवा जमिनीवरनं घरंगळत पाठवायची असेल तर अशी झिजलेली डिस्क सोन्यासारखी, नव्या डिस्कला ते तेवढं सहज जमत नाही.

आता प्लास्टिकचं. डीएक्स हे साधं, मऊसर, स्वस्त प्लास्टिक, हातात पकड मस्त बसते पण मार सोसत नाही. बागेत हिरवळीवर खेळणाऱ्याला ते बरेच दिवस पुरतं, पण आपला माळ म्हणजे वर चार बोटं मुरूम आणि खाली काळा बसाल्ट, त्याच्यावर डिस्क कडेनं पडली की संपलंच. प्रीमियम प्लास्टिक, म्हणजे चॅम्पियन, स्टार अशी महागडी, हे पॉलियुरेथेनच्या घराण्यातलं. चपलेच्या दुकानात पीयू सोल म्हणतात ना, जो साध्या सोलपेक्षा कितीतरी दिवस चालतो, तीच जात. दगडाला लागलं तर दबतं आणि परत जागेवर येतं, चरा पडला तरी पापुद्रा सहसा निघत नाही.

आणि माझं ठाम मत असं की प्रीमियम प्लास्टिकचे पैसे डिस्क जास्त दिवस टिकते यासाठी द्यायचे नाहीत, ती जास्त दिवस तशीच उडते यासाठी द्यायचे. तुटायची तर डीएक्स पण लवकर तुटत नाही हो, ती बदलते. या रविवारी एक उडाण, दोन महिन्यांनी दुसरं, मग शिकणारा माणूस गोंधळतो की मी चुकलो का डिस्क. ज्या डिस्कवर तुम्ही थ्रो शिकणार ती तरी सारखी राहिली पाहिजे.

म्हणून ड्रायव्हर आणि मिडरेंज प्रीमियममधी घ्या, शंका नको. कोणतं प्रीमियम, ते तुमच्या हातावर आहे. चॅम्पियन हे बहुतेक अर्धपारदर्शक, कडक आणि गुळगुळीत, सगळ्यात चिवट. स्टार हे अपारदर्शक, थोडं मऊ, पकड चांगली, आणि झिजतं चॅम्पियनपेक्षा थोडं लवकर पण डीएक्सच्या कितीतरी पुढं. दुसऱ्या कंपन्यांत बघायचं तर डिस्कक्राफ्टमधी हीच जोडी झेड आणि ईएसपी, लॅटिट्यूड ६४ मधी ऑप्टो आणि गोल्ड, डायनॅमिक डिस्क्समधी लूसिड आणि फ्यूजन, नावं वेगळी पण स्वभाव साधारण तोच. आपल्याकडं मार्चपासनं तळहाताला घाम सुटतो आणि गुळगुळीत चॅम्पियन सुटताना घसरते, त्यामुळं मी पहिली प्रीमियम डिस्क स्टार किंवा ईएसपीसारखीच घ्या म्हणेन. पावसाळ्यात मात्र उलटा अनुभव, काळी चिकण माती आतल्या कडेला बसली की डिस्कचं वजनच बदलतं आणि ती माती कडक गुळगुळीत प्लास्टिकवरनं काडीनं एका फटक्यात निघते, खरबडलेल्या डीएक्सवरनं घासत बसावं लागतं.

एक धोका आधीच सांगतो म्हणजे नंतर पस्तावा नको. नाव तेच म्हणून उडाण तेच असं धरून चालू नका. तोच साचा प्रीमियममधी बहुतेक वेळा जास्त ओव्हरस्टेबल निघतो, म्हणजे उजवीकडं कमी कलतो आणि शेवटी डावीकडं जास्त ओढतो. झिजलेली डीएक्स लेपर्ड ठेवून नवी चॅम्पियन लेपर्ड फेकलीत तर पहिले दोन रविवार ती डावीकडं लवकर पडेल आणि तुम्हाला वाटंल पैसे वाया गेले. नाही गेले. थोडी वापरली की ती हळूहळू सरळ होते आणि मग त्या अवस्थेत बराच काळ टिकते, तेच तर हवं आपल्याला. आणि कृपा करून मोठ्या आकड्याच्या मागं लागू नका, १२ स्पीडची डिस्ट्रॉयर प्रीमियममधी घेऊन नवा खेळाडू काय करणार, तेवढा वेग हाताला नसला की ती सरळ डावीकडं येऊन आदळते. तुमच्यासाठी स्टार लेपर्ड, आणि मिडरेंजला शार्कच हवी असा हट्ट नसेल तर ईएसपी नाहीतर झेडमधी बझ, एवढ्यावर वर्ष निघतं.

पटरचं मात्र ऐका, तो साधाच ठेवा. बास्केटमधी टाकायचा पटर मऊ असला की साखळीत अडकतो, बोटाला भरवसा वाटतो, आणि तीस फुटावरनं टाकलेल्याला दगडाचा मार तरी किती लागणार. डीएक्स एव्हियार लवकर झिजते असं वाटत असेल तर केसी प्रो प्लास्टिकची एव्हियार बघा, ती साध्यातलीच पण जास्त कडक आणि टिकाऊ. त्यातला केसी म्हणजे १२ वेळा जगज्जेता झालेला केन क्लायमो. लांबून फेकायला वेगळा पटर हवा असेल तर तेवढा एक प्रीमियममधी घ्या.

चौघांत हिशोब असा करा की प्रत्येकानं तीन साध्या डिस्क घेण्याऐवजी एक चांगली घ्यायची आणि आपसात फेकून बघायची. रंग बघून घ्या, उन्हाळ्यातल्या वाळल्या गवतात पिवळी दिसत नाही आणि पावसाळ्यात हिरवी दिसत नाही, गुलाबी किंवा निळी बरी. दुप्पट भावाची डिस्क सोयाबीनमधी हरवली तर प्लास्टिक कितीही चिवट असून उपयोग काय, मागं फोन नंबर लिहून ठेवा.

आणि त्या जुन्या लेपर्डचे पापुद्रे बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासून काढा, बोट कापतं त्यानं. डिस्क गोल्फची जागतिक संघटना पीडीजीए, जी १९७६ साली एड हेड्रिकनं सुरू केली, तिच्या नियमात चरे घासून गुळगुळीत करायला परवानगी आहे, पण उडाण बदलंल इतकं घासलं तर ती डिस्क स्पर्धेत चालत नाही.

प्रश्न : एप्रिलमधी दुपारभर गाडीत राहिलेली डिस्क ताटलीसारखी वाकली. प्रीमियम वाकत नाही का? – लातूरची एक वाचक

उत्तर : वाकते ताई, तीही वाकते, पण परत वळणावर लवकर येते. बादलीत गरम पाणी घ्या, उकळतं नको, हात घातला तर सोसवंल एवढं, डिस्क त्यात पाच मिनिटं ठेवा, हातानं सरळ करा आणि फरशीवर उपडी ठेवून वर जाड पुस्तकं ठेवून गार होऊ द्या. माझी एक गेल्या मे महिन्यात मागच्या काचेपाशी राहिली होती, एकदा करून थोडी राहिली, दुसऱ्यांदा केल्यावर सपाट झाली. तिथनं पुढं डिस्क सीटखाली ठेवायच्या आणि एकावर एक, तिरक्या उभ्या करून नाही.

प्रश्न : माझी ९ वर्षांची मुलगी मागं लागलीय. तिला पण चांगलं प्लास्टिक घेऊ का? – जालन्याचे एक वाचक

उत्तर : आत्ता नको दादा. तिला प्लास्टिकपेक्षा वजन बघा. मोठी माणसं १७० ते १७५ ग्रॅमच्या डिस्क फेकतात, तिला १५० च्या आसपासची साधी डीएक्स लेपर्ड किंवा हलका पटर द्या, मऊ असल्यानं चुकून कुणाला लागली तरी मार कमी आणि छोट्या हाताला पकड येते. ती झिजून उजवीकडं वळायला लागली तर अजूनच चांगलं, लहान हाताला अशीच डिस्क लांब जाते.