उत्तर: भंडारदऱ्याचे काजवे – नाक्याची वेळ विचारू नका, मुक्काम बदला

तुमची पोस्ट वाचली. आठ जण, दोन गाड्या, शनिवारी 30 मे 2026ला दुपारी पुण्याहून निघायचं, धरणाजवळच्या शेंडी गावात जेवायचं, रात्री धरणाभोवतीच्या रस्त्याने गाडीतून काजवे बघत फिरायचं आणि पहाटे परत. मुख्य प्रश्न असा की वनखात्याच्या नाक्यावर रात्री किती वाजेपर्यंत आत सोडतात आणि त्यासाठी फोन कुठे करायचा. हाच बेत आणि हाच प्रश्न घेऊन आम्हीही गेलो होतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी वनखात्यातला नाही, गाईडही नाही. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द नाक्यावरच्या यंदाच्या सूचनेचा.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान फोनवरच्या शब्दावर विसंबल्यामुळे झालं. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही) तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘या, रात्री चालू असतं’ एवढंच उत्तर. त्या भरवशावर नाक्याच्या अलीकडे खोल्या घेतल्या, सगळे पैसे आगाऊ भरले आणि जेवणं उरकून साडेनऊला नाक्यावर गेलो, तर फाटक बंद. तिथल्या माणसाचा काही दोष नव्हता, त्याच्या हातात लेखी सूचना होती. दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयाने विचारलं, ‘असं कोणी सांगितलं, नाव सांगा.’ लांबून म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्यांना एक धड उत्तर देता येऊ नये याचा मला आजही राग येतो. यंदाची वेळ, शुल्क, कुठल्या गावापर्यंत गाडी सोडणार, हे कागदावर लिहून मे महिन्याच्या सुरुवातीला सगळीकडे लावायला कितीसा खर्च येतो? तुम्ही फोन केलातच तर बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या आणि सूचनेचा फोटो मागा. फोटो मिळेपर्यंत कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

पण खरी चूक फोनच्या आधीची होती, आणि तुमच्या बेतातही तीच आहे. काजवे गाडीतून बघायचेच नसतात. मुक्काम नाक्याच्या आत, झाडांपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. मुरशेत, पांजरे, उडदावणे या बाजूला गावातल्या घरांत सोय होते. संध्याकाळी पाचपर्यंत आत पोचून गाडी उभी करा आणि सकाळपर्यंत तिला हात लावू नका. मग नाक्याची वेळ निम्म्याने तरी गौण होते. उरतो प्रश्न पायी कुठवर जाऊ देतात याचा, तो घरमालकाला विचारा. तो सोबत आला तर फारच उत्तम, त्याची बिदागी आधी ठरवून द्या.

गाडी का नको, तर तो धरणाभोवतीचा रस्ता अरुंद आहे. शनिवारी रात्री दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे रांग लागते आणि सगळ्यांचे दिवे झाडांवर. उडत लुकलुकतात ते बहुतेक नर. माद्या खाली गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देतात, आणि दोन लुकलुकींमधल्या अंतरावरून एकमेकांना ओळखतात. त्यात हेडलाइटचा झोत पडला की अख्खं झाड विझतं आणि पुन्हा लय धरायला वेळ घेतं. तोवर पुढची गाडी येते. अळीचं जगणं ओल्या पाचोळ्यात, गोगलगायी खाऊन, महिनोन्महिने चालतं. पंख फुटल्यावर हातात उरतात ते काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे, तेही जोडीदार शोधायला. त्या दिवसांत आपण दिवे मारत फिरायचं, हे मला पटत नाही. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 साली जाहीर झालेलं. नियम कडक असले तर त्यात वाईट काही नाही, फक्त ते वेळेवर सांगावेत.

आता तारीख. 30 मे पूर्णपणे चुकीची आहे. 31 मेला पौर्णिमा, म्हणजे रात्रभर लख्ख चांदणं, आणि चांदण्यात काजवे असूनही फिके दिसतात. सोपा हिशोब असा की संकष्टी उलटून गेल्यापासून विनायकी चतुर्थीपर्यंतचे दिवस धरायचे. संकष्टीला चंद्रोदय दहाच्या आसपास असतो, पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. विनायकीपर्यंत चंद्रकोर दहाच्या सुमारास मावळलेली असते. काजव्यांचा भर साडेसात-आठपासून दहापर्यंत, तेवढा वेळ अंधार मिळाला की झालं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, अमावास्या 15 जूनला येते, म्हणजे 4 ते 18 जून. त्यातही पहिला आठवडा धरा, कारण मोसमी पाऊस जोरात लागला की काजवे झपाट्याने कमी होतात. वळवाच्या एक-दोन सरी मात्र हव्यात, कोरड्या हवेत झाडं भरत नाहीत. 8 ते 11 जून, सोमवार ते गुरुवार, यातली कुठलीही रात्र मी निवडेन. सुट्टी मिळत नसेल तर रविवारची रात्र राहा आणि सोमवारी दुपारपर्यंत पुण्यात या. शनिवार कुणीही सांगितला तरी नको.

झाडं ओळखायची तर सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर. उजेडातच एकदा फिरून दोन-तीन मोठी झाडं आणि उभं राहायची जागा हेरून ठेवा. पायवाट सोडून गवतात शिरू नका, माद्या तिथेच असतात आणि फुरसं, घोणसही. बूट, लांब पँट, हातात काठी. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळून रबरबँड लावा आणि उजेड पायाशीच ठेवा. अंगाला काय लावायचं ते घरीच लावा, झाडाजवळ डासांचा फवारा मारू नका. मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि एकाने स्क्रीन उघडली की सगळ्यांची वीस मिनिटं परत सुरू.

फोटोबद्दल विचारलंय म्हणून थोडक्यात. मोबाइलने हाती काही लागत नाही. कॅमेरा असेल तर तिपाई, फोकस उजेडातच झाडावर मॅन्युअल लावून रिंगला चिकटपट्टी, छिद्र (अ‍ॅपर्चर) f/2.8 किंवा त्याहून मोठं, म्हणजे आकडा 2.8 पेक्षा लहान, आयएसओ 1600 ते 3200, एकेक फ्रेम 20-30 सेकंदांची. अशा तीस-चाळीस फ्रेम घरी एकावर एक रचायच्या. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा दिवा आधी बंद करा, त्यानेही झाड विझतं.

पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी हा रस्ता धरा, टाकी अकोल्यातच भरा, रोख पैसे जवळ ठेवा. आत मोबाइलची रेंज धरसोड असते, म्हणून घरमालकाशी पोचायची वेळ आदल्या दिवशीच पक्की करा. रात्री नागलीची भाकरी आणि पिठलं सांगा. कोंबडी हवी असेल तर सकाळीच कळवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी वयस्कर मंडळी बरोबर असतील तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि पुष्करणी, शांतपणे दोन तास. धरणाला यंदा शंभर वर्षं होतायत, 1926 साली पुरं झालं. रंधा धबधब्याच्या आशेवर जाऊ नका, पावसाआधी वरून पाणी सोडलेलं नसेल तर नुसता कडा दिसतो. तुमच्यातल्या दोघांना सांदण दरी करायची आहे म्हणता. जूनमध्ये नको. वर ढग फुटला तर त्या चिरेत बाजूला व्हायला जागा नाही, आणि पाऊस दरीतच पडायला हवा असंही नाही. त्याऐवजी पहाटे पाचला पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढा, माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि उन्हं तापायच्या आत उतरा. वरच्या टप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत, वारा-पाऊस असेल तर तिथूनच मागे फिरा.

परतीच्या वाटेवर पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं विकायला बसलेल्या बायका दिसतील. घासाघीस न करता घ्या आणि डबा सोबत न्या, जांभळाचा डाग सीटवरून निघत नाही.