जर्मनचा क्लास सोडू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला. इथे जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचा आनंद तुझ्याइतकाच मलाही झालाय. पण कोर्स इंग्रजीत आहे, म्हणून जर्मनचा क्लास ए-वनवरच, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवरच, थांबवतेय, असं तू लिहिलंयस. ते मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

कोर्स इंग्रजीत असतो, खरंय. पण कोर्स म्हणजे दिवसातले चार-पाच तास. बाकी घरमालक, डॉक्टर, विमा कंपनी, परदेशी नागरिकांचं कार्यालय आणि तिथून येणारी लांबलचक पत्रं, सगळं जर्मनमध्ये. खरी अडचण तर पुढे नोकरीच्या वेळी येते. मीटिंग इंग्रजीत होते. पण बरंचसं आधीच कॉफीच्या मशीनपाशी जर्मनमध्ये ठरलेलं असतं. त्या दोन मिनिटांच्या गप्पांत जिला सामील होता येत नाही, तिला घ्यायला लोक कचरतात, मग मार्क कितीही चांगले असोत. मी स्वतः मुलाखती घ्यायला बसते. आपली हुशार, कष्टाळू मुलं केवळ यापायी मागे पडताना बघून जीव तुटतो.

आणि तू तर सोलापूरची गं! घरात मराठी, पूर्व भागातल्या मैत्रिणींकडे तेलुगू, आजोळी कन्नड. यातलं काय तू क्लास लावून शिकलीस? तू चुकलीस, समोरचे हसले, तू पुन्हा म्हणालीस, झालं. चुकत चुकत बोलायची लाज नसणं हे आपल्या गावाने दिलेलं मोठं भांडवल आहे, ते इथे येऊन गमावू नकोस. भैया चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात तू शाळेच्या सहलीत गेली असशीलच. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि १९४२ साली तिथेच त्यांचा मृत्यू झाला. भोवती युद्ध पेटलेलं असताना त्या माणसाने भाषेला वेळ काढला.

निघण्याआधी निदान पुढची पातळी ए-टू कर, जमलं तर त्यापुढची बी-वन. परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. पुढे ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणारा वास्तव्याचा परवाना, मिळालं, तर बी-वन असणाऱ्याला २१ महिन्यांनी कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, ए-वनवाल्याला २७ महिन्यांनी.

आता खोलीचं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, बाबा ११,९०४ युरो भरणार आहेत. ते एकरकमी हातात येत नाहीत, महिन्याला ९९२ युरो मिळतात, आणि तेही इथलं बँक खातं उघडल्यावर. खात्यासाठी बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी मागतात. तिला इथे अनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. म्हणजे खोली नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं नाही, आणि पैसे स्वतःचेच असून हातात दमडी नाही. दर सप्टेंबर-ऑक्टोबरला नवी मुलं या चक्रात अडकतात. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारायचं, 'इथे अनमेल्डुंग करता येईल ना?' अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागतात, तिची सोय वेगळी ठेव. आणि 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठव, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवायचा नाही.

कर्जाचं गणित बाबांबरोबर बसून कर, त्यांच्यावर सोपवून मोकळी होऊ नकोस. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. पण हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतात, आणि व्याज तर आधीपासूनच चढत असतं. त्यांनी राहतं घर तारण ठेवलंय. टॉवेलच्या ऑर्डरी एका वर्षी असतात, एका वर्षी नसतात, हे तुला मी सांगायला नको. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. गोदामात पार्सलं उचलून पैसे लवकर येतात, त्या कामात कमीपणा काहीच नाही. तरी आपल्या विषयातलं वेर्कश्टुडेंटचं, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायचं अर्धवेळ काम कमी पैशांत मिळालं तरी तेच घे. इथे पहिली नोकरी पुष्कळदा त्यातूनच पुढे येते, आणि तिथेही जर्मन विचारतातच.

सामानात शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल आण. तूप, पेढे नकोत. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

हिवाळ्याची तयारी मात्र मनातून कर. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरेल, नंदीध्वजांचे आणि अक्षता सोहळ्याचे व्हिडिओ मोबाइलवर येत राहतील, आणि इथे तुझ्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतील. रडू आलं तर आईला फोन करून रड. 'सगळं मस्त आहे' असं सांगत बसू नकोस. घरच्यांना आवाजावरून कळतं आणि ती जास्त घाबरतात. त्या दिवसांत नुसत्या मराठी मुलींच्या खोलीत बसून दिवस ढकलायचा मोह होईल. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जरूर जा, पोटभर बोल, पिठलं-भात खा. पण विद्यापीठाच्या खेळांच्या गटात नाव घाल, पोहायला जा, काहीही कर, जिथे तुझ्याशी कोणी इंग्रजीत बोलणार नाही.

उद्याच बाईंना फोन करून क्लास पुन्हा सुरू कर. मुंबईच्या व्हिसा अपॉइंटमेंटची तारीख मिळाली की फाइल घेऊन व्हिडिओ कॉल लाव, एकेक कागद दोघी मिळून तपासू.

तुझी,
ताई