नाव गुडघ्याचं, दुखणं अंगभर

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हे माझ्या मनाचेच खेळ असतील का हो?" हा प्रश्न मला समुपदेशनात महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. म्हणून एका काकूंबद्दल लिहिते, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय 56, दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात वर्षापूर्वी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, निघाला. पहिल्याच दिवशी पिशवीतून एक्स-रे काढून ट्यूबलाइटसमोर धरला, "बघा, गॅप किती कमी झालीय." म्हटलं, आणि बाकीचं अंग? "त्याचा एक्स-रे नसतो ना."

खरंच नसतो. पूर्वी, 1990 च्या निकषांत, अंगावरच्या 18 जागा दाबून किमान 11 दुखतात का बघायचे, 2010 नंतर लक्षणांवर जास्त भर आला. तीन महिन्यांच्या वर अंगभर दुखणं, झोपून उठलं तरी शीण, डोक्यात धुकं. रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही कारण दुखणं जाणवून देणारी मेंदू-नसांची यंत्रणाच जरा तिखट झालेली असते. दुखणं खरंच असतं.

चौथ्या भेटीत काकू हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? खांदे भरून आले तरी घरी मी गुडघाच सांगते. थोडं लंगडते पण. गुडघ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे." बोलून हसल्या, मग बराच वेळ रडल्या.

तोवर मी समजत होते की घरच्यांना समजावलं की झालं. त्या दिवशी कळलं, काकूंचा स्वतःचाही विश्वास फक्त गुडघ्यावरच होता. म्हणून जरा बरं वाटलं की पडदे धुवायचे, चाळीस पोळ्या लाटायच्या, "बाकीचं मनाचंय, मला झेपलंच पाहिजे," आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मी पडले एलिसवाली, म्हणजे 'झालंच पाहिजे' हा हट्ट सोडायला शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पद्धतीने काम करणारी, मला तो 'च' लांबूनही ऐकू येतो. म्हटलं, काकू, 'च' काढून म्हणा बघू.

"झेपलं पाहिजे." थांबल्या. "झेपलं... तर बरं."

एवढ्यासाठी मी हे काम करते!

तर तुम्हालाही हेच सांगेन, चांगल्या दिवशीसुद्धा काम अर्धं झालं की बसा, कणीक झाकून ठेवली तर पळून जात नाही. रोज थोडंच चाला आणि हळूहळू वाढवा, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, गुडघ्याला त्याने आधार मिळतो. डॉक्टरांनी डिप्रेशनमध्ये वापरतात ती गोळी दिली तर घाबरू नका, ती दुखण्याच्या नसांवरही काम करते. आणि घरी जे दुखतंय त्याचंच नाव सांगा.

काकूंनी सांगितलं. "अहो, आज गुडघा मस्त आहे, खांदे गेलेत." काका बरं म्हणाले, आणि सवयीने मलमाची ट्यूब घेऊन गुडघ्यापाशीच जाऊन बसले.