वाचकांचे प्रश्न : क्यूबाची शिधावही आणि हवानाचे पोटमाळे

प्रश्न : क्यूबात श्रीमंत-गरीब सगळ्यांना रेशन मिळतं म्हणतात. त्यावर घर चालतं का? – एक वाचक, लालबाग

पूर्ण महिना चालत नाही, कधी चाललंही नाही. फिडेल कॅस्ट्रोंची क्रांती जानेवारी १९५९ मध्ये सत्तेवर आली आणि मार्च १९६२ मध्ये ही शिधावही निघाली. तिला तिथं ‘लिब्रेता’ म्हणतात. आपल्यासारखं पिवळं, केशरी, पांढरं असं काही नाही. सर्जनला आणि झाडूवाल्याला एकच वही. वही कुटुंबाची, शिधा माणशी. दुकानही नेमून दिलेलं असतं, त्याला ‘बोदेगा’ म्हणतात. घर बदललं, मूल झालं, कुणी वारलं की नोंदणी कार्यालयात जाऊन वही दुरुस्त करायची. ती होईपर्यंत नव्या पत्त्यावर काही मिळत नाही.

गेल्या दशकात एका माणसाचा महिन्याचा वाटा साधारण असा होता : तांदूळ ७ पौंड, म्हणजे जवळपास सव्वातीन किलो, साखर ४ पौंड, घेवडा किंवा वाटाणे १० औंस, तेल अर्धा पौंड, अंडी पाच, कॉफी ४ औंस. कॉफीत भाजलेल्या वाटाण्यांची पूड मिसळलेली असते, त्यामुळे ती गाळणीत चिकटून भांडं तुंबतं. शिवाय रोज एक पाव. तो ८० ग्रॅमचा होता, सप्टेंबर २०२४ मध्ये ६० ग्रॅमवर आला. दूध सात वर्षांपर्यंतच्या मुलांना. हे सगळं हातात पडलं तरी दहा-बारा दिवस भागतं. उरलेले दिवस बाजारभावानं किंवा मागच्या दारानं.

बिघडतं ते दोन जागी. बराचसा तांदूळ आयात होतो. जहाजाचे पैसे वेळेवर चुकते झाले नाहीत की या महिन्याचा शिधा पुढच्या महिन्यात येतो. दुसरी जागा तराजू. दुकानदाराचा पगार तुटपुंजा, म्हणून काटा मारायचा आणि राहिलेला माल परस्पर विकायचा. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको.

तरीही ही वही निरुपयोगी नाही. सोव्हिएत मदत आटल्यावर १९८९ ते १९९३ या काळात देशाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशानं घसरलं. अन्न इतकं तुटलं की १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांना डोळ्यांचा आणि मज्जातंतूंचा आजार झाला आणि सरकारला घरोघरी ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटाव्या लागल्या. पण दुष्काळात पडतात तसे उपासमारीचे बळी पडले नाहीत. जे होतं ते वहीमुळे सगळ्यांच्या ताटात थोडंथोडं गेलं. फिडेलचे भाऊ आणि तेव्हाचे अध्यक्ष राऊल कॅस्ट्रो यांनी २०११ मध्ये ही वही म्हणजे न पेलणारं ओझं असल्याचं जाहीरपणे सांगितलं. बंद मात्र केली नाही.

प्रश्न : आमची पागडीची खोली आहे. क्यूबात भाडेकरूंना थेट मालक केलं, तसं इथं का होऊ नये? – एक वाचक, गिरगाव

पहिल्या भागाबद्दल तुम्ही बरोबर आहात. १९५९ च्या मार्चमध्ये भाडी ३० ते ५० टक्क्यांनी उतरवली. भाडं जितकं कमी तितकी सूट मोठी. ऑक्टोबर १९६० च्या कायद्यानं भाडं मालकाऐवजी सरकारला जाऊ लागलं. इमारतीच्या वयानुसार ५ ते २० वर्षं भरलं की घर तुमचं. जुन्या मालकांना ठरावीक भरपाई मिळाली. पुढे बहुतेक क्यूबन घरमालक झाले आणि भाडं थकलं म्हणून कुणी रस्त्यावर आलं नाही. ही कमाई खरी आहे.

आता दुसरी बाजू. घर तुमचं, पण विकता येत नव्हतं, फक्त अदलाबदल करता येई. त्याला ‘पेर्मुता’ म्हणत. हवानाच्या प्रादो रस्त्यावर झाडांखाली लोक पाट्या घेऊन उभे राहत : दोन लहान घरं देतो, एक मोठं हवं. कागदावर बरोबरीचा सौदा, टेबलाखालून रोकड. काळ्या-पांढऱ्याचा हिशेब तिथंही तोच. विक्रीला परवानगी मिळाली नोव्हेंबर २०११ मध्ये.

विकता येत नाही, नवं घर मिळत नाही, मुलाचं लग्न झालं. मग? जुन्या हवानातल्या खोल्यांची उंची चार-पाच मीटर. मध्ये लाकडाचा किंवा काँक्रीटचा मजला टाकायचा. त्याला ‘बार्बाकोआ’ म्हणतात. आपण पोटमाळा म्हणू. सामाईक चौक आणि सामाईक संडास असलेल्या ‘सोलार’ म्हणजे तिथल्या चाळी, त्यांत तर असे माळे खोलीखोलीत आहेत. भिंती एका मजल्याच्या हिशेबानं बांधलेल्या, त्यांवर दुप्पट भार. मोरी वर नेली की गळती भिंतीत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं लोखंडी तुळया गंजून फुगतात आणि आजूबाजूचं काँक्रीट सुटतं. मोठ्या पावसात वीट पाणी पिऊन जड होते आणि इमारत बसते.

आपल्या उपकरप्राप्त इमारतींचीही हीच गत आहे, पण कारण वेगळं. इथं भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं म्हणून मालकानं हात झटकले. तिथं रहिवाशालाच मालक केलं, पण सिमेंट, सळई आणि पगार तिन्ही सरकारच्या हातात ठेवले. मालकीचा कागद आहे, गोणी नाही. जुन्या हवानातल्या पर्यटकांच्या भागात १९९० च्या दशकापासून हॉटेलांच्या कमाईतून चांगली डागडुजी झाली. पण दोन गल्ल्या आत गेलात की टेकू लावलेले सज्जे. तेव्हा इथं तसं करायचं तर आधी विचारा, की देखभालीचा पैसा कोणत्या खात्यातून येणार.

प्रश्न : क्यूबाचे डॉक्टर जगभर जातात, मग तिथं औषधं का मिळत नाहीत? – एक परिचारिका, परळ

डॉक्टर घडवायला शाळा आणि रुग्णालयं लागतात, गोळ्यांना परदेशी चलन. १९८४ पासून वस्तीत डॉक्टर-परिचारिकेची जोडी बसवली. २०१८ मध्ये बालमृत्यू हजारी ४ वर आले होते. बरीचशी औषधं देशातच बनतात, पण कच्चा माल बाहेरून आणावा लागतो. रक्तदाब-मधुमेहवाल्यांना औषधाचंही वेगळं कार्ड आहे, त्यावर माल येईल त्या दिवशी पहाटेपासून रांग. व्हेनेझुएलाला डॉक्टर गेले, बदल्यात तेल आलं. ते तेल कमी झाल्यावर सगळंच ढासळलं. २०२३ मध्ये बालमृत्यू हजारी ७ च्या वर गेले.

प्रश्न : दोष अमेरिकेच्या नाकेबंदीचा की सरकारचा? – एक वाचक, मुलुंड

वस्तू सांगा, मग दोष सांगता येईल. सुटे भाग, बँकेचे व्यवहार आणि जहाजभाडं यांत नाकेबंदी, म्हणजे क्यूबाशी व्यापारावरची अमेरिकेची बंदी, चावते. १९९२ च्या कायद्यानुसार क्यूबाच्या बंदरात माल उतरवलेलं जहाज १८० दिवस अमेरिकेत लागू शकत नाही, म्हणून भाडं चढतं. अन्नाला मात्र २००० पासून मुभा आहे. हवानात शिजणाऱ्या गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्या बहुतेक अमेरिकेतूनच येतात, फक्त पैसे आगाऊ रोख.

ती रोख साखरेतून यायची. १९८९ मध्ये ८० लाख टन साखर निघाली. २००२ मध्ये १५६ कारखान्यांपैकी जवळपास निम्मे बंद केले. आता ४ लाख टनही निघत नाही, उलट साखर आयात होते.

मार्च १९६८ मध्ये वडे-भजीवाल्यासारखे खाऊवाले, चांभार, न्हावी अशा पन्नास हजारांवर छोट्या धंद्यांचं सरकारीकरण झालं. त्यात अमेरिकेचा हात नव्हता. शेतकऱ्यानं ठरलेला वाटा ठरलेल्या भावानं सरकारी खरेदीयंत्रणेला द्यायचा, आणि ट्रकला डिझेल नाही म्हणून टोमॅटो बांधावर सडायचे, यातही नव्हता. २०२१ मध्ये खासगी छोट्या कंपन्यांना मुभा मिळाल्यावर दुकानं भरली, पण भाव? तेव्हा ठरलेलं किमान निवृत्तिवेतन महिना १,५२८ पेसो, आणि २०२४ मध्ये तीस अंड्यांचा ट्रे सुमारे ३,००० पेसो. ज्याचा मुलगा मायामीहून डॉलर पाठवतो, तो ट्रे घेतो.