सोनार असूनही पाणबुडी वर येताना जहाजाला कशी धडकते?

सोनार (आवाजावरून पाण्यातल्या वस्तू शोधणारं यंत्र) असताना पाणबुडी जहाजाला धडकतेच कशी, आणि वरच्या जहाजाने काय करावं, असे तुमचे दोन प्रश्न. ‘पेरिस्कोप नीट फिरवला असता तर टळलं असतं’ हे उत्तर दर वेळी ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. पेरिस्कोप ही शेवटची खातरजमा, हिशेब त्याआधी खालीच व्हायला हवा.

पॅसिव्ह, म्हणजे नुसतं ऐकणाऱ्या, सोनारवर दिशा कळते, अंतर नाही. अंतरासाठी एका कोर्सवर काही मिनिटं जायचं, मग वळून दुसऱ्या कोर्सवर, आणि बेअरिंग (जहाज दिसतं ती दिशा) किती सरकतं ते बघायचं. आवाज वाढतोय आणि बेअरिंग हलत नाही, म्हणजे जहाज अंगावर येतंय असंच धरायचं. त्यात समोरून येणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज त्याच्याच बुडाआड दबतो. इंजिन बंद करून वाहत बसलेली मच्छीमार बोट तर ऐकूच येत नाही.

9 फेब्रुवारी 2001 ला हवाईजवळ अमेरिकेची पाणबुडी ‘ग्रीनव्हिल’ पाहुण्यांना इमर्जन्सी ब्लो (बॅलास्ट टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर फेकून झपाट्याने वर येणं) दाखवताना जपानच्या ‘एहिमे मारू’ या मासेमारी प्रशिक्षण जहाजाखाली वर आली. नऊ जण गेले, त्यात चार शाळकरी मुलं. सोनारला ते जहाज सापडलं होतं! फायर कंट्रोलवरच्या (आसपासच्या जहाजांचं अंतर-दिशा मांडणाऱ्या यंत्रणेवरच्या) माणसाच्या हिशेबात ते सुमारे 4,000 यार्डांवर होतं आणि जवळ येत होतं. कंट्रोल रूममधला सोनारचा पडदा बंद होता, मध्ये पाहुण्यांची गर्दी. कप्तानाने पेरिस्कोपमधून दीड मिनिटही न बघता जवळ कोणी नाही असं ठरवलं आणि त्या माणसाने स्वतःचा आकडा 9,000 करून टाकला. चूक इथे झाली. बॅलास्ट टाक्यांत दाबाची हवा एकदा सोडली की वर येणं मध्येच थांबवता येत नाही.

पेरिस्कोपची काच पाण्यावर एक मीटर असेल तर क्षितिज जेमतेम 2 सागरी मैलांवर. 15 नॉटने (ताशी 15 सागरी मैल) येणारं जहाज तेवढं अंतर 8 मिनिटांत कापतं. मोठ्या जहाजाचे वरचे मजले लांबून दिसतील, छोटी बोट लाटांआड जाते.

वरच्या जहाजाच्या हातात फार काही नाही, पाण्याखालची पाणबुडी रडारवर येत नाही. पाणबुडीने पिंग मारला (स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकला) की तिचा ठावठिकाणा कळतो आणि लाटांचे प्रतिध्वनी गोंधळ घालतात, हे मान्य. पण शांततेच्या काळात, सरावासाठी वर येताना लपायचं कोणापासून?